भीमेतलं दोन देशांचं बेट

पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं, बेटावरचा आमचा वाटा सोडून द्यायचा. काष्टीच्या पुढे भीमेच्या पात्रात हे वाळूचं बेट आहे. अर्धं आमच्या गावाकडच्या नगर जिल्ह्याचं, अर्धं पलीकडच्या पुणे जिल्ह्याचं. माझे वडील, अण्णा, त्याला 'दोन देशांचं बेट' म्हणायचे आणि मी शाळेत ते खरंच दोन देशांचं आहे असं ठोकून द्यायचो. मार्चमध्ये अण्णा गेले. आता तिथे टरबुजं लावायला कोण जाणार?

या बेटाचा आकार दरवर्षी बदलतो. पावसाळ्यात ते बुडतं, पाणी ओसरलं की कधी लांबट, कधी पसरट होऊन वर येतं. म्हणून दिवाळीनंतर दोन्ही काठांचा एकेक माणूस दोरीची टोकं धरून बेट नव्याने मोजतो. दोरी दुमडली की मध्य सापडतो, तिथे बाभळीच्या खुंट्या ठोकायच्या. ज्याचा माणूस आला नाही, त्याचा वाटा समोरच्याचा. कागद नाही, तलाठी नाही.

तुम्हाला जायचं असेल तर पाटस, दौंड, काष्टी असा रस्ता धरा. उसाच्या ट्रॉल्या सोडल्या तर रस्ता चांगला आहे. काष्टीत भेळ खाल्ली. तिखटाने नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी मागवली. नदी ओलांडायला गूळ करायची जुनी लोखंडी काहील आहे, माणशी वीस रुपये. आत बसल्यावर हलायचं नाही. मी हललो आणि कमरेपर्यंत भिजलो.

बेटावर पलीकडच्या काठाचे बापूकाका दोरी घेऊन उभे होते. इतकी वर्षं अण्णांबरोबर मोजणी करणारे तेच.

"आलास व्हय? धर टोक. आदी भिजव, न्हाईतर मागनं आखडून भांडनं लावंल."

"काका, आमचा वाटा तुम्हीच घ्या. अण्णांसारखं पीक मला जमणार नाही."

"आन्नानं कुटं पीक काढलं? कंबर गेल्यापास्नं एक बी न्हाई लावलं त्यानं."

"मग उन्हाळ्यात पोतं भरून टरबुजं पाठवायचे ती?"

"माजी हुती."

ती टरबुजं आम्ही 'आपल्या बेटाची' म्हणून शेजारीपाजारी वाटली होती. क्षणभर अण्णांचा रागच आला.

"मग दरवर्षी यायचे कशाला?"

"त्यो आला न्हाई तर समदं बेट माजं. त्ये घिऊन म्या काय करू?" काका वाळूकडे बघत म्हणाले. "मोजून झालं की दोगं हितंच भाकरी खायचो. वरीसभराचं बोलनं एका दिसात व्हायचं."

मी दोरी भिजवली. मोजून झाल्यावर काकांनी पहिली खुंटी मध्यावर ठोकली, मग फडक्यातली भाकरी काढली. दोघांपुरती होती. ऊन कलेपर्यंत ते अण्णांबद्दल बोलत होते आणि त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "दिला सोडून?"

"नाही."

"मग पिकवणार कोण?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "पण काका आहेत तोवर दरवर्षी जाणार."