मरळ, लोणचं आणि पावडरीचा डबा

चिमणाबाईचं तोंड म्हणजे फटाक्यांची माळ. मंगळवार पेठेत मासळीची पाटी घेऊन बसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. "घासाघीस करायची आसंल तर दोडकं घे जा!" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायची, आणि गिऱ्हाईक तरीही तिच्याकडंच यायचं. नवरा गेल्यावर नदीत जाळं टाकून तिनं एकटीनं लेकाला, कृष्णातला, वाढवलं, त्याचं लग्न लावलं. असली बाई गेल्या महिन्यात गपगार झाली होती, म्हणजे बघा!

झालं असं, की निशिगंधा मॅडम नावाची एक संशोधक बाई नदीकाठी आली. म्हणाली, "मावशी, कपड्याच्या साबणाचा फेस वाहून जातो, पण त्यातली काही रसायनं पाण्यात मोडतात आणि त्यांचे तुकडे शेवाळात, माशांच्या चरबीत साठत जातात. किती साठलंय ते बघायचंय, एक मासा धरून द्या." मासा ठेवायला तिनं घट्ट झाकणाची, जाड काचेची बरणी दिली आणि बजावलं, यातच घाला.

आता एवढी देखणी बरणी माशाला? चिमणाबाईच्या जिवाला ते पटेचना. तिनं बरणीत भरलं लिंबाचं लोणचं, आणि मॅडमसाठी धरलेला मासा, मरळ, ठेवली कपडे धुवायच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात, दिवसभर पाण्यात. आपल्याकडं त्या डब्याला मरण नसतंच. पावडर संपली की त्यात पाणी भरा, तुळस लावा, नाहीतर मासे ठेवा. मॅडम न्यायला आल्या तेव्हा बाईनं मासा केळीच्या पानात बांधून दिला आणि खुशाल ठोकून दिलं, "बरणी फुटली की हो!"

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाज पार उतरलेला. "मावशी, तुमच्या माशात फारच सापडलंय. ही रसायनं शरीरातल्या हार्मोनची नक्कल करतात. घरात कोणी गरोदर असेल तर हा मासा देऊ नका."

चिमणाबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. सून स्नेहल सहा महिन्यांची पोटुशी! डोहाळे मरळीच्या कालवणाचे, आणि आठवड्यातनं तीनदा चिमणाबाईनंच तिला वाटी भरभरून घातलेलं. आपल्याच हातानं आपण काय करून बसलो? तिनं पाटी पालथी घातली. दुसऱ्यांच्या लेकीसुनांना तरी कशाला हे खायला घालायचं! पण स्नेहलला खरं सांगायचा धीर होईना. तिनं कालवणाचं विचारलं की "जाळ्यात काय घावना," म्हणून तोंड फिरवायची.

मग एका बुधवारी मॅडम स्वतः घरी आल्या, दुसरा मासा मागायला. स्नेहलनं आग्रहानं जेवायला बसवलं, पानात लोणचं वाढलं, बरणी तिथंच ठेवली आणि भाकरी आणायला आत गेली. मॅडमनी बरणीकडं बघितलं, मग चिमणाबाईकडं.

"मावशी, ही तर फुटली होती ना?"

चिमणाबाईनं कान धरले आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. पावडरीचा डबा ऐकल्यावर मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, म्हणजे आम्ही मासा नाही, तुमचा डबाच तपासला म्हणायचा!"

पुन्हा मासे धरले, दोन ठिकाणचे, या वेळी काचेच्या बरणीतच. निकाल येईपर्यंत बाई फोन उशाशी घेऊन झोपायची. शेवटी फोन वाजला. धुण्याच्या घाटाच्या खालच्या माशांत बरंच होतं, ते खाऊ नका. पण वरच्या डोहातल्या, म्हणजे चिमणाबाई धरायची त्या मरळीत अगदीच किंचित. "निर्धास्त राहा," मॅडम म्हणाल्या. हुश्श! चिमणाबाई घळाघळा रडली.

त्या दुपारी चुलीवर कालवण उकळलं. वाटी सुनेपुढं ठेवून चिमणाबाईनं पहिल्यापासनं सगळं सांगितलं. स्नेहल वाटीला हात न लावता ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"एवढंच व्हय, आत्ती? मला वाटलं, पोटात पोरगी हाय असं तुमाला कुण्या बुवानं सांगितलं, म्हणून माझं कालवण बंद झालं."

चिमणाबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "आगं खुळे, पोरगीच दे की मला! खा आता, गार व्हायलंय."