पोपटाचा पोळा

बैलाचा साज पोपटाला बसत नाही, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे. ह्या विषयावर आमच्या जिल्ह्यात दुसरा जाणकार असेल असं मला वाटत नाही.

आमचा पोपट तसा देशी पोपट नव्हे. देशी पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे, आणि मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे कायदा मोडायची सोय नाही (पोरं भर वर्गात विचारतात). हा कॉकटील. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालांवर शेंदरी ठिपके आणि डोक्यावर ताठ तुरा. माझी मुलगी गुड्डी आठवीत गेली तेव्हा तिच्या मामाने मलकापूरच्या एका दुकानातून आणून दिला. माझ्या आईने तो तुरा पाहिला आणि म्हणाली, "काय फेटा बांधला बाप्पा यानं! सरपंच दिसते." तेव्हापासून त्याचं नाव सरपंच पडलं. "सरपंच आज परातीत बसून आंघोळ करून राह्यले," असं आमच्या घरातलं कोणी मोठ्याने बोललं की रस्त्यावरून जाणारा नवखा माणूस दोन मिनिटं थांबून कान देतो.

ऐन श्रावणात ह्या सरपंचाने स्वतःचीच पिसं उपटायला सुरुवात केली. आधी छातीवर बोराएवढी जागा उघडी पडली, मग लिंबाएवढी. गुड्डीने मोबाइलवर वाचून निदान केलं: पक्षी कंटाळलाय, त्याला खेळणी पाहिजेत. माझ्या बायकोचं, म्हणजे मंदाचं, निदान वेगळं होतं. तिला वरणात पीस सापडलं होतं.

"आवो, आयकता का?" ती वाटी माझ्यासमोर आपटून म्हणाली. "पोळ्यापर्यंत वाट पाह्यते मी. थांबलं त ठीक. नाही त मामाले सांगते, जिथून आनला तिथं वापस नेऊन दे."

"मम्मी!" गुड्डी किंचाळली.

"मम्मी नाही न फम्मी नाही. वरनात पिसं मले नोको."

गुड्डी ताटावरून उठली. रात्री जेवली नाही, सकाळी दूध घेतलं नाही. पोरीच्या डोळ्यांत पाणी पाहिलं की माझ्यातला विज्ञान शिक्षक जागेवर मरतो आणि उरतो तो नुसता बाप. "काळजी नोको करू बेटा," मी म्हणालो. "खेळण्यांचं मी पाह्यतो." आमच्या घरातल्या बहुतेक भानगडींची सुरुवात ह्याच वाक्याने होते.

गुड्डीने मला एक यादीही लिहून दिली. रंग दिलेलं लाकूड नको. सुटे धागे नकोत, पायात अडकतात. लहान घंटी नको, चोच अडकते. जस्ताची तार नको. मी यादी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि विसरलो. (वीस वर्षं दुसऱ्यांना वाचायला लावायची सवय झाली की स्वतः वाचायची सवय मोडते.)

मलकापूरला जाऊन दुकानदाराला विचारलं तर त्याने आरसा लावलेली प्लास्टिकची शिडी काढली. "हेच चालते सर." मला काही पटेना. ज्या सरपंचाला मी रोज सकाळी रामराम करतो, त्याला चिनी प्लास्टिक? मी तसाच परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मोताळ्याचा आठवडी बाजार भरला.

तो दिवस पोळ्याच्या आदला. बाजार नुसता पोळ्याच्या सामानाने फुललेला: गोंडे, झुली, घुंगरमाळा, रंगीत दोर, बेगड. आता खरं सांगायचं तर, वडनेरला आमची शेती आहे, भाऊ करतो, आणि चार वर्षांपूर्वी आम्ही बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला. पण पोळा आला की माझे हात अजून शिवशिवतात. लहानपणी जोडी सजवायचं काम माझं होतं. ट्रॅक्टरला गोंडा बांधून पाहिला एकदा. ट्रॅक्टर काही मान हलवत नाही. त्यामुळे त्या गोंड्यांच्या दुकानासमोर उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोंडा म्हणजे काय? लोंबणारं, रंगीत, ओढता येणारं! घुंगरू म्हणजे काय? वाजणारं! हे तर खेळणंच!

"या गुरुजी," दुकानदार म्हणाला. "जोडी केवढी हाये?"

"जोडी नाही. एकटाच हाये."

"बरं. खांदा केवढा हाये त्याचा?"

मी अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून जरा लांब करून दाखवली. दुकानदाराने माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वासरू हाये का?"

"नाही, पूर्ण वाढलेला हाये."

"शिंगं?"

"शिंगं नाहीत. तुरा हाये."

त्याने हातातला गोंडा खाली ठेवला. मागे उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने "तब्येत बरी हाये ना गुरुजींची?" असं हळूच विचारलं. अशा वेळी शहाणा माणूस खरं काय ते सांगून मोकळा होतो. मी ताठ मानेने म्हणालो, "अख्खा साज द्या." आणि चार गोंडे, एक रंगीत दोर, बेगडाची माळ आणि सहा घुंगरांची एक घुंगरमाळ घेऊन घरी आलो.

गुड्डी शाळेत होती. (मी पोळ्याच्या तयारीसाठी अर्धी रजा टाकली होती, अर्जात जनावराचा प्रकार लिहिला नव्हता.) मी पिंजरा ओट्यावर घेतला आणि तासभर खपून असा सजवला की आतला पक्षी दिसेनासा झाला. आई बाहेर आली, तिने पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. चार वर्षांत आमच्या दारात पोळ्याचा साज आला नव्हता. ती आत गेली ती वाटीत हळद आणि लोणी कालवूनच बाहेर आली.

"माय, हे कायले?"

"कायले म्हंजे? आज खांदेमळनी नाही का? खांदे मळा लागतीन ना त्याचे."

"अवं, यानं कोनता नांगर ओढला?"

"तू कोनता ओढला? तुह्या वाढदिवसाले मी तेल लावतेच ना तुले?" लोणी लावायला मात्र मी दिलं नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. मग तिने पिंजऱ्यासमोर हात जोडले आणि बैलांना देतात तसं रीतसर आमंत्रण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या!" सरपंचाने गोंड्यांच्या मागून एक भयंकर किंकाळी फोडली. आई म्हणाली, "येतो म्हंते."

नंतर दोन तास सरपंच कोपऱ्यात अंग चोरून बसून होता. पीस एकही उपटलं नाही. मी मंदाला बोलावून दाखवलं. "पाय! थांबला का नाही?" मंदा म्हणाली, "आवो, थो श्वास तरी घेऊन राह्यला का?" बायकोला विज्ञानात रुची नाही म्हणून मी दुर्लक्ष केलं आणि आत जाऊन आडवा झालो.

जाग आली ती गुड्डीच्या ओरडण्याने. "पप्पा! हे काय केलं? यादी वाचली नाही का तुमी?"

बाहेर आलो. सरपंचाला अखेर धीर आला होता आणि त्याने गोंड्यांचा फडशा पाडला होता. लाल, हिरवे, गुलाबी धागे सगळ्या पिंजऱ्यात. तो एका पायावर उभा होता, दुसरा पाय पोटाशी. मी घुंगरमाळ पाहिली. मोजली. परत मोजली. सहाचे पाच झाले होते.

"मंदे!" माझा आवाज चिरकला. "यानं घुंगरू गिळला!"

मग काय, घरात हलकल्लोळ! मंदा कपाळाला हात लावून "वापस द्या म्हनलं होतं, मारून टाका नव्हतं म्हनलं" म्हणत रडायला लागली. गुड्डी "पप्पा, त्याचा पाय, त्याचा पाय पाहा" असं काहीतरी सांगत होती, पण मी कुठला ऐकतो! मी मोटरसायकल काढली. गुड्डी मागे बसली, मांडीवर पिंजरा. साज काढायला वेळ नव्हता. पाच घुंगरू छुमछुम वाजवत, बेगड चमकवत आमची स्वारी मोताळ्याच्या भर बाजारातून निघाली. "ओ सर!" कोणीतरी ओरडलं, "पोळा उद्या हाये!"

गुरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर त्या दिवशी बैलांची रांग. पोळ्याच्या आधी जो तो आपला बैल दाखवून घेत होता. आम्ही रांगेत लागलो. पुढे एक पांढराशुभ्र बैल, मागे एक तांबडा, मधे आम्ही. तांबड्याने मान लांब करून आमच्या पिंजऱ्यावरचा उरलासुरला गोंडा हुंगला. त्याच्या मालकाने विचारलं, "हे कोनत्या जातीचं हाये बे?" दुसरा म्हणाला, "साज त आपल्याच जातीचा दिसते."

डॉक्टरांनी पिंजरा पाहून चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काय झालं सर?"

"डॉक्टर, घुंगरू गिळला यानं."

"असा घुंगरू?" त्यांनी माळेतला एक घुंगरू हातात धरला. चांगला आवळ्याएवढा. मग त्यांनी सरपंचाचं डोकं पाहिलं. "सर, तुमी विज्ञान शिकवता ना?"

"हाव."

"ह्या घुंगरात पाखराचं डोकं मावते. पाखरात घुंगरू कसा मावीन?"

मागच्या रांगेतून हसण्याचा असा लोट आला की पांढरा बैलही बिचकला. तेवढ्यात आईचा फोन. "अरे, थो एक घुंगरू मीच काढून ठेवला बाप्पा. लय वाजे. मले मालिका आयकू येऊन नाही राह्यली."

मी फोन खिशात ठेवला आणि सुटलो म्हणून हसायला लागलो. हसलो तो मी एकटाच. गुड्डी रडत होती. "डॉक्टर, पाय पाहा ना त्याचा. मी केव्हाची सांगून राह्यली."

डॉक्टरांनी सरपंचाला रुमालात धरलं आणि पाय उलगडला. गोंड्याचा एक बारीक गुलाबी धागा बोटाभोवती तीन-चार वेढे बसून आत रुतला होता. बोट वांग्यासारखं जांभळं झालं होतं. डॉक्टर गंभीर झाले. बारीक कात्री, बारीक चिमटा, एकेक वेढा. सरपंच ओरडला नाही. गुड्डीच्या बोटाला चोच लावून नुसता थरथरत राहिला. शेवटचा वेढा निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत राह्यला असता त बोट गेलं असतं." मला त्या क्षणी स्वतःची भयंकर लाज वाटली. बोट लहानसंच, काडीपेक्षा थोडं जाड. पण पोरीने ते वाचवायचा उपाय कागदावर लिहून माझ्या हातात दिला होता, आणि मी तो इस्त्रीच्या पँटमधे घडी करून फिरत होतो.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि काय खेळायला द्यायचं ते सांगितलं. फवारणी न झालेल्या कडुनिंबाची काडी, दाणे काढलेलं मक्याचं कणीस, कोऱ्या कागदाच्या घड्या. जे तोडता येईल पण पायात गुंतणार नाही ते. "आणि मुख्य म्हंजे," ते म्हणाले, "पिंजऱ्याबाहेर काढत जा. मानसाजवळ बसू द्या. एकटं पाखरू अंग खाते."

दुसऱ्या दिवशी पोळा. आईने दिलेल्या आवतणाप्रमाणे सरपंच जेवायला आले. पुरणपोळी डॉक्टरांच्या भीतीने मिळाली नाही, ज्वारीचे दाणे मिळाले. मंदाने सकाळपासून मामाला फोन लावण्याची भाषा चालवली होती. गुड्डीने काड्या, कणसं, कागद टांगले. सरपंच थोडं खेळला आणि मग परत चोच छातीकडे न्यायला लागला. गुड्डीचा चेहरा उतरला. मी काही न सुचून पिंजरा उघडला आणि त्याच्या शेजारी घटक चाचणीचे पेपर तपासायला बसलो.

तो लंगडत बाहेर आला. माझ्या गुडघ्यावर चढला, खांद्यावर आला आणि तिथून थेट डोक्यावर. तिथे त्याने एक केस चोचीत धरला, जरा विचार केला आणि उपटला!

"अगं आई गं!"

"पप्पा, हलू नोका!" गुड्डी कुजबुजली. "थो स्वतःची पिसं नाही उपटून राह्यला!"

"माहे केस उपटून राह्यला ना पण!"

मंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने हे दृश्य पाहिलं आणि हातातला फोन ओट्यावर ठेवला. "राहू द्या आता," ती म्हणाली. "वरनात केस पडला त तुमचा म्हनून काढून टाकीन."

त्या दिवसापासून रोज दोन तास मी बसतो आणि सरपंच माझ्या डोक्यावर कामकाज चालवतो. महिन्याभरात त्याच्या छातीवर कोवळी राखाडी पिसं फुटली. गुड्डी दोन वेळा पोटभर जेवते. फक्त पहिल्याच आठवड्यात तिने माझी केसांना लावायची काळी डाय कचऱ्यात टाकली, कारण पक्ष्याच्या पोटात रसायन जायला नको. त्यामुळे मी एका आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारा होऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं आणि अतिशय प्रेमाने विचारलं, "सर, घरी काही टेन्शन हाये का?"

"हाये," मी म्हणालो. "शंभर ग्रॅमचं."

आता सगळं सुरळीत आहे. मी शाळेत असतो तेवढा वेळ सरपंच उदास बसतो, एवढीच अडचण. काल गुड्डीने माझ्या डोक्याकडे काळजीने पाहिलं. मला वाटलं, चला, पोरीला बापाची दया आली.

"पप्पा," ती म्हणाली, "पुढल्या पोळ्यापर्यंत पुरतीन ना हे?"