मी मागितलेला गतिरोधक

शाळेपुढच्या गतिरोधकावर रिक्षाचं पुढचं चाक उसळलं आणि माझ्या कंबरेतून कळ निघाली.

"आजी, हा उंट कुठल्या शहाण्यानं बसवायला लावला असेल हो?" रिक्षावाला वैतागला.

"असेल कुणीतरी रिकामटेकडी!"

ती रिकामटेकडी मीच. माझी मुलं या शाळेत होती तेव्हा पदर खोचून मी महापालिकेत खेटे घालायची. साऱ्या शहराला शिस्त लावायची जबाबदारी जणू माझ्यावरच! साहेब नेहमी जेवायला गेलेले. अखेर गतिरोधक झाला, तोवर मुलांना मिशा फुटल्या होत्या. मागितला एका तरण्या बाईनं, मिळाला एका म्हातारीला. रागावू तरी कशी? शहरालाही ऐकू येतं, पण माझ्यासारखंच, जरा उशिरा.

माझं कण्हणं ऐकून रिक्षावाल्यानं मागची चाकं अगदी हळू, जवळजवळ थांबूनच उतरवली. तेवढ्यात एक चिमुरडी चिंच चोखत, कुठंही न बघता, रिक्षासमोरून रस्ता ओलांडून गेली.

"बघा, आहे का रस्त्याकडे लक्ष?" तो म्हणाला.

"नसू दे रे," मी म्हटलं आणि कंबर चोळत राहिले.