बाळंतिणीची खीर

"चूक झाली म्हनायचं, पाय धरायचे, मोकळं व्हायचं," चुलत सासरे म्हणाले. ते ओसरीवर मांडी घालून बसलेले आणि हे खांबाला टेकून उभे. नवऱ्याला मी लिहितानाही 'हे'च म्हणणार, दुसरं काही जमत नाही. फौजेतून काढून लावलेल्या माणसाला स्वतःच्या घरातही कुठं बसावं ते कळत नाही, एवढं मला त्या दिवशी दिसलं.

"दयेचा अर्ज कर," चुलत सासरे पुढे म्हणाले. "सायेब लोकांला म्हनावं, नादानी झाली. पोरीकडं बघून घ्या परत."

"नादानी झालीच नाही, तर झाली म्हणायची कशी?"

हे मी बोलले. दाराआडून, डोक्यावर पदर घेऊन, पण बोलले. मग चुलत सासरे ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "कोकनातली हाय. तिकडं बायका बोलत्यात वाटतं."

बोलतात की. मी तळकोकणातली, खाडीकाठची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. मामा ह्यांच्याच पलटणीत होता, त्यानं हे स्थळ आणलं आणि मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या या कोरड्या गावात आले, जिथं मासळीचं नाव काढलं तरी शेजारीण नाकाला पदर लावते. मला इथं सगळ्याचीच धास्ती. चुकायची, बोलायची, विहिरीच्या खोलीची. आणि ज्यांनी सांभाळून घेतलं त्यांचे उपकार एवढे, की त्यांच्यापुढे मान वर होत नसे. त्यात सगळ्यात आधी सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

पहिलं बाळंतपण माहेरचं. पण माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. आत्याबाई म्हणाल्या, "हितंच हू द्या. मी काय मेले न्हाई." शेकशेगडी, तेल, धुरी, सगळं त्यांनी केलं. आणि रोज संध्याकाळी खसखशीची खीर. खसखस भिजत घालायची, खोबऱ्याबरोबर पाट्यावर गंधासारखी वाटायची, दुधात शिजवून वर जायफळ. गूळ मात्र पातेलं खाली उतरवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. "बाळंतिनीला झोप लागती आन् पोरीला दूध पुरतं," म्हणायच्या.

बारशासाठी हे रजेवर आले होते. माझ्या वाटीतली खीर एकदा चाखली आणि मग रोज माझ्या आधी वाटी घेऊन बसायला लागले. आत्याबाई हसायच्या. "बाळंतीन तू हायेस का ती?" पण दुसऱ्या दिवसापासून खसखस वाढवून भिजत घातली. रजा संपली त्या दिवशी ह्यांनी पातेलं पुसून खाल्लं आणि गाडीला गेले.

पलटणीत हजर झाल्या झाल्या रजेवरून आलेल्या सगळ्यांची लघवी तपासली. ह्यांच्यात अफूचं काहीतरी निघालं. चौकशीत विचारलं, काय घेतलंस? हे म्हणाले, काही नाही. खोकल्याचं औषध? नाही. घरी कुणी काही खायला दिलं? नाही. पुढे बरेच महिने कागद फिरले आणि मग हे ट्रंक घेऊन घरी आले. काढण्याचं कारण लिहिलं होतं, अमली पदार्थाचं सेवन.

गावाला तेवढं पुरलं. दारू पिऊन नोकरी गेली असती तर लोकांनी शेजारी बसवून घेतलं असतं. अफू म्हटल्यावर कटिंगच्या दुकानातही सुरू झालं. "फौजी, आमाला बी दावा की जरा चिमूटभर." हे दाढी अर्धी टाकून उठून आले. मग नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्याच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले, तिथंच खोली घेतली, गावात फक्त सुट्टीला यायचे, तेही अंधार पडल्यावर.

चुलत सासऱ्यांच्या त्या बैठकीनंतर मीच हट्टानं ह्यांना नगरला वकिलाकडे नेलं. वकील पूर्वी फौजेतच होते. बोलणं कमी, चहा फार. मी त्यांना विचारलं, दया आणि अपील यात फरक काय?

"दयेत म्हणायचं, केलं, पण माफ करा," ते म्हणाले. "अपिलात म्हणायचं, केलंच नाही."

"मग अपील," मी म्हटलं.

त्यांनी रजेच्या शेवटच्या दिवसांत काय काय खाल्लं ते विचारलं. हे म्हणाले, घरचंच, भाकरी-भाजी. मी सांगायला बसले. बारशाच्या घुगऱ्या, पुरणपोळी, आणि खीर.

"कसली खीर?"

"खसखशीची."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. ह्यांचे कान लाल झाले. मग वकिलांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. त्यानं नशा होत नाही, लेकराला बाधत नाही, पण बोंडाचा चीक बियांना लागून राहिला असेल तर लघवीत सापडू शकतो.

"जवान, तुम्ही हे चौकशीत का नाही सांगितलं?"

हे खाली बघत म्हणाले, "साहेब, तिथं अख्खी पलटण. बाळंतिणीची खीर पिलो म्हणून कसं सांगायचं? जन्मभर बाळंतीण म्हणून हाक मारली असती."

मला रडू यावं की राग, कळेना. अफूबाज म्हणवून घेतलं, पण बाळंतीण म्हणवून घेवेना. आमच्याकडचे पुरुष.

वकील म्हणाले, नुसतं सांगून भागणार नाही. तशीच खीर, त्याच हातची, दोन साक्षीदारांसमोर करा, ह्यांना खायला घाला आणि लघवी तपासून घ्या.

त्याच हातची. तिथंच खरं अडलं. घरी येऊन मी आत्याबाईंना सांगितलं, तर त्या चुलीपुढून उठल्याच. "म्हंजी म्या माझ्या पोराला अफू चारली?" खसखशीचा डबा उचलून माळ्यावर टाकला आणि माझ्याशी बोलणं बंद. भाकरी वाढायच्या, बोलायच्या नाहीत. ज्या बाईनं मला आईच्या जागी राहून अंथरुणातून उठवलं, तिलाच मी कोर्टात ओढत होते. रोज वाटायचं, सोडून द्यावं. दयेचा अर्ज एका पानाचा असतो, सही केली की झालं.

पण एकदा पोरीला न्हाऊ घालताना माझ्या तोंडून निघून गेलं. "आत्याबाई, तुमच्या खिरीवर ही वाढली. ती खीर नशा असेल, तर माझी पोरगी नशेवर वाढली असं झालं."

त्यांचा तांब्या थांबला. "कोन म्हनतं आसं?"

"कागद म्हणतो."

"कागदाला काय कळतं?" त्या म्हणाल्या. पुढच्या सुट्टीला हे आले तेव्हा डबा माळ्यावरून खाली होता. शाळेचे गुरुजी आणि पोलीस पाटील साक्षीला बसले. आत्याबाईंनी अट घातली, कागदावर त्यांचं नाव येता कामा नये. मग पाटा धुतला आणि दोघांकडे पाठ करून वाटायला बसल्या. हे वाटी घेऊन ओसरीवर बसले, दार सताड उघडं. रस्त्यानं जाणारा एकजण थांबला.

"काय फौजी, कोन बाळंत झालं?"

"मी," हे म्हणाले आणि दुसरी वाटी मागितली.

इतक्या दिवसांनी त्यांना तसं बसलेलं मी बघत होते, त्यामुळे तपासणीत काय आलं हे मला नंतरच महत्त्वाचं वाटलं. आलं तेच, जे पलटणीत आलं होतं. वकिलांनी अपिलात लिहिलं, 'घरी केलेली खीर'. कुणी केली ते नाही.

सुनावणी मुंबईला, फौजेच्या न्यायाधिकरणापुढे झाली. समोर दोन साहेब, एक न्यायाधीश आणि एक निवृत्त फौजी अधिकारी. सरकारी वकील म्हणाले, हे सगळं नंतर सुचलेलं आहे. तेव्हा फौजी साहेबांनी ह्यांना सरळ हिंदीत विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? हे सावधान उभे राहिले, पायात घरचीच चप्पल असून. ऐन वेळी बाळंतिणीला हिंदीत काय म्हणतात ते सुचेना. "साब, बच्चा होने के बाद औरत को जो खीर देते हैं, वो मैंने पी. रोज पी. बोलने में शरम आयी. अब नहीं आती."

कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला, एवढंच.

निकाल राखून ठेवला. परतताना ह्यांना ड्यूटी होती म्हणून हे सुप्यालाच उतरले. उतरताना कंडक्टरला म्हणाले, "बाईंना नगरला कर्जतच्या गाडीत बसवून द्या." मग खिडकीखाली येऊन माझ्याकडे बघून हसले. मला भीती होतीच, निकालाची. अजून आहे. पण दयेचा अर्ज केला असता तर हे हसणं कुणी दिलं असतं?

घरी आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, पोरगी टरफलांत.

"काय झालं?"

"निकाल नंतर देणार आहेत."

"त्यो बोलला का?"

"बोलले. सगळ्यांसमोर."

त्यांनी आणखी चार शेंगा फोडल्या. "खीर कुनी केली ते इचारलं?"

"नाही."

"मंग तुमी सांगायचं ना. निम्म्या गावाच्या बाळंतिनी उठवल्यात म्या त्या खिरीवर. माझं नाव घाल म्हनावं त्या वकिलाला."

"आता घालता येत नाही, आत्याबाई. सुनावणी संपली."

"मंग वरच्या कोर्टात जाताना घाला," त्या म्हणाल्या. "हितंच थांबायचंय व्हय?"