मेव्हण्याची बिजागरी

सैफेत्तिन उस्ताच्या, म्हणजे सैफेत्तिन मिस्त्रीच्या, मिशा बारा महिने तपकिरी दिसत. त्या पिकल्यात की नाहीत हे कळायला मार्गच नव्हता, कारण अक्रोडाच्या लाकडाचा भुसा त्यांत मुरून बसलेला. बायको, गुलिझार, म्हणायची, की शुक्रवारी नमाजाला जाताना तरी झटकून जा, नाहीतर लोकांना वाटेल माणूस नाही, आख्खं झाडच चालत आलंय. तो हसायचा आणि तसाच जायचा.

गाव तुर्कस्तानातल्या कोन्याच्या डोंगरातलं. बेयशेहिरच्या तलावाकडून वर चढत गेलं की आधी थंडी सुरू होते, मग गाव. शेती म्हणाल तर नावाला. धंदा एकच, शिकारीच्या बंदुका. कुणाच्या तळघरात नळ्या घासतात, कुणाकडे चाप होतात, कुणाची सून ओट्यावर बसून पोलादावर वेलबुट्टी कोरते, आणि शेवटी सगळं गावच्या सोसायटीत येऊन एकत्र जुळतं. सैफेत्तिन दस्ते करायचा. बंदुकीचा खांद्याला टेकतो ना तो लाकडी भाग, तो. आज्याने केले, बापाने केले, म्हणून याने केले. लहानपणी त्याला जहाजावर जायचं होतं म्हणे. समुद्र त्याने पाहिला तो लष्करात असताना, आणि परत येऊन पुन्हा बापाच्याच स्टुलावर बसला.

माणूस गुणी, पण कडू गोष्ट त्याच्या तोंडून निघत नसे. कुणी तडकलेलं लाकूड आणून दिलं, तर "हे तडकलंय" एवढं म्हणायचं सोडून हा गुपचूप आपल्या पदरचं लाकूड वापरायचा. गावाला तो चांगुलपणा वाटे. मला विचाराल तर तो निव्वळ भित्रेपणा होता. पण भित्रा माणूस सगळ्यांना आवडतो, कारण त्याचा त्रास कुणाला होत नाही. निदान तोवर तरी झाला नव्हता.

झालं काय, की चकोराच्या शिकारीला जाणाऱ्या लोकांना घडीची बंदूक हवी झाली. चकोर राहतो कड्याकपारीत. तिथे चढायचं तर दोन्ही हात मोकळे लागतात, आणि लांबलचक बंदूक पाठीवर असली की झुडपात अडकते. दस्ता मधून दुमडून बाजूला मिटला, की बंदूक पिशवीत मावते. सोसायटीने ठरवलं, आपणही घडीची बंदूक काढायची. त्यासाठी दस्त्याच्या मानेत बिजागरी बसवावी लागते, आणि ती कुणाची घ्यायची हे ठरवायचं काम अध्यक्ष रेफिकने सैफेत्तिनच्या गळ्यात घातलं. लाकूड तुझं, मान तुझी, तूच ठरव, असं म्हणून सगळे चहा पिऊन उठून गेले.

दोन बिजागऱ्या पुढे आल्या. एक बेयशेहिरच्या कुठल्याशा लेथवाल्याची. बोजड, कुरूप, उघडायला अंगठा लाल होईपर्यंत दाबावं लागे. दुसरी मुझफ्फरची. मुझफ्फर म्हणजे गुलिझारचा धाकटा भाऊ, सैफेत्तिनचा मेव्हणा. त्याची बिजागरी काय सुरेख होती म्हणून सांगू! हातमोजा घालूनही एका हाताने मिटायची, आणि उघडली की लाकडाची रेघ जराही तुटल्यासारखी वाटायची नाही. सैफेत्तिनला ती पाहताक्षणी आवडली, आणि आपला मेव्हणा जिंकणार म्हणून मनातल्या मनात बरंही वाटलं.

मुझफ्फर आधी चाप करायचा. या बिजागरीच्या नादात त्याने ते काम चुलतभावाला देऊन टाकलं होतं आणि दोन हिवाळे हिच्यामागे घालवले होते. आता हिला सोसायटीने घेतलं नाही, तर त्याला गावात काम नव्हतं. कोन्याला जाऊन कुठल्यातरी कारखान्यात पाळी करायची आणि म्हाताऱ्या आईला एकटीला मागे ठेवायचं, एवढंच उरलं असतं. आणि हा साधा मेव्हणा नव्हता. सैफेत्तिनच्या छातीत भुसा जाऊन तो एक आख्खा हिवाळा अंथरुणाला खिळला, तेव्हा याच मुझफ्फरने आपलं काम उरकून रोज त्याच्या स्टुलावर बसून दस्ते केले होते. असले वाकडे दस्ते त्या गावाने कधी पाहिले नव्हते. पण चूल पेटती राहिली, आणि मुझफ्फरने त्याचा पुन्हा चुकून उल्लेखही केला नाही.

आता गंमत बघा. सैफेत्तिनने दोन्ही बिजागऱ्या दस्त्यात बसवल्या आणि गावामागच्या दगडखाणीत नेऊन एकट्याने तपासल्या. लेथवालीने शिव्या खाव्यात इतका त्रास दिला, पण हलली नाही. मुझफ्फरची साध्या काडतुसांवर गोड चालली. मग रानडुकरासाठी वापरतात ती जड काडतुसं भरल्यावर पोलाद तापलं, आणि एकदा दस्ता उघडताना खटका वाजूनही सैफेत्तिनच्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं. त्याने नुसत्या तळव्याने ढकललं, तर दस्ता खुशाल मिटला. आवाज व्हायचा, पण आतली खिटी पुरती बसायची नाही. नेहमी नाही, अधूनमधून. हे अधूनमधून फार वाईट. त्या वेळी कुणी चाप ओढला, तर धक्क्याने दस्ता मिटणार आणि बंदुकीचं पोलाद सरळ गालफडावर येणार.

तो दगडावर बसून राहिला. होय म्हणावं तर कुठल्यातरी परक्या माणसाचा डोळा जाणार. नाही म्हणावं तर मुझफ्फर गावातून उठणार, आणि गुलिझार उरलेला जन्म समोर बसून भाजी निवडणार आणि एक शब्द बोलणार नाही. तिने आधीच बजावून ठेवलं होतं, की माझ्या भावाचं घर तुझ्या हातात आहे, बाकी मला बिजागरीतलं काही कळत नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मेव्हण्याला बाजूला घ्यावं, सांगावं, बाबा रे, खिटी बसत नाही, दुरुस्त कर. अहो, हेच तर! कुणीही शहाणा हेच करेल. सैफेत्तिनही तेच करायला निघाला होता. बिजागरी रुमालात गुंडाळून तो मुझफ्फरच्या घरी गेला. सासूने तारहानाचं, म्हणजे आंबवलेल्या दह्या-पिठाचं, गरम सूप पुढे ठेवलं, वर पुदिना टाकला. मुझफ्फर त्याला एनिश्ते म्हणायचा, म्हणजे आपले दाजी. "एनिश्ते, तपासलीस ना?" त्याने विचारलं. सैफेत्तिन म्हणाला, तपासली. मुझफ्फरने पुढे काही विचारलंच नाही. तो आईकडे बघून नुसता हसला, आणि म्हातारीने सैफेत्तिनच्या वाडग्यात आणखी एक पळी वाढली. त्या पळीने घात केला. सैफेत्तिनने सूप संपवलं, चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि रुमाल तसाच बगलेत धरून परत आला.

त्यानंतरचे दिवस त्याचे फार वाईट गेले. सोसायटीसमोरून जायचं टाळायला तो कब्रस्तानाकडून वळसा घेऊ लागला. घरी गुलिझार गप्प, कारण ती वाट बघत होती. वाटेत मुझफ्फर भेटला की खांद्यावर हात टाकायचा, आणि तो हात सैफेत्तिनला लोखंडाचा वाटायचा. सुटका कुठेच नव्हती. आणि मग एके सकाळी दस्ता घासता घासता त्याला सुटका सापडली, असं त्याला वाटलं.

गावात जुनी रीत आहे, पहिला गाल करणाऱ्याचा. बंदुकीत काहीही नवं आलं, की ते ज्याने केलं त्याने चारचौघांत तिला आपला गाल लावायचा आणि बार काढायचे. मग इतरांनी. हल्ली सोसायटीत यंत्रं आली, तपासनीस आला, त्यामुळे रीत मागे पडली होती. सैफेत्तिन सरळ रेफिककडे गेला आणि म्हणाला, मी ठरवत नाही, रीतीला ठरवू द्या. दोघांनाही खाणीत बोलवा. रेफिकला तर आनंदच झाला. कॉफीहाउसात म्हातारे माना डोलवू लागले, की असा न्याय करावा तर सैफेत्तिनने.

त्याचा हिशेब साधा होता. मुझफ्फर दोन हिवाळे त्या बिजागरीबरोबर जगलाय, तिची खोड त्याला ठाऊक नसेल असं होणार नाही. स्वतःचा गाल लावायची वेळ आली, की तो काहीतरी निमित्त काढेल आणि बिजागरी मागे घेईल. म्हणजे मला नाही म्हणायला नको, आणि त्याचीही लाज राहील. आपली अक्कल बघून सैफेत्तिन स्वतःवरच खूश झाला. त्या दिवशी तो घरी पोटभर जेवला, आणि गुलिझारला त्याचा अर्थ भाऊ जिंकला असा वाटला.

खाणीत निम्मं गाव जमलं. लेथवाल्याने आपले बार काढले, त्याचा अंगठा सोलला, लोक हसले. मग मुझफ्फर आला. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. निमित्त वगैरे त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. साध्या काडतुसांचे बार त्याने ऐटीत काढले, दर बारानंतर दस्ता एका हाताने मिटून उघडून दाखवला, आणि लोकांनी वाहवा केली. रेफिकने जड काडतुसं पुढे केली. आता थांबेल, सैफेत्तिनने मनात म्हटलं. आता म्हणेल खांदा दुखतोय.

मुझफ्फरने काडतुसं भरली. एक बार झाला, दुसरा झाला, आणखीही झाले. पोलाद तापलं असणार. त्याने दस्ता मिटला, उघडला, खटका वाजला. मग बंदूक उचलण्याआधी त्याने गर्दीत सैफेत्तिनला शोधलं आणि त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. सैफेत्तिनला एवढंच म्हणायचं होतं, की थांब. पण त्याने नजर खाली घेतली आणि हातातल्या चहाच्या पेल्यात बघत राहिला. मुझफ्फरने मान हलवली, जणू उत्तर मिळालं, आणि गाल टेकवला.

बार झाला, आणि त्याच्या पाठोपाठ जो आवाज आला तो लाकडाचाही नव्हता आणि पोलादाचाही नव्हता.

गालाचं हाड मोडलं होतं, दोन दात गेले होते, आणि डोळ्याचं काय ते बेयशेहिरच्या इस्पितळात कळायचं होतं. जीपमध्ये मुझफ्फरचं डोकं सैफेत्तिनने मांडीवर घेतलं. त्याचाही सदरा लाल झाला. तो वाटभर अल्लाचं नाव घेत होता आणि मधेच मुझफ्फरचा हात दाबत होता. मागच्या सीटवर गुलिझार, एकदा भावाच्या तोंडावरून हात फिरवी, एकदा नवऱ्याच्या पाठीवरून. तिला बिचारीला दोघांचीही दया येत होती.

उजवा डोळा अधू झाला. बोलता येऊ लागलं तेव्हा मुझफ्फरने बाकीच्यांना बाहेर काढलं आणि सैफेत्तिनला खाटेवर बसवून घेतलं.

"तिच्यात काहीतरी आहे असं मला वाटायचं," तो म्हणाला. जबडा नीट हलत नव्हता, एकेक शब्द ओढून काढत होता. "कधी कधी खटका हलका लागायचा. मनात भीती होती, एनिश्ते. म्हणून तर तुझ्याकडे सोपवली."

सैफेत्तिन खाटेवरच्या चादरीची सुरकुती सारखी करत राहिला.

"तू तपासलीस आणि काही बोलला नाहीस. म्हटलं, मग माझ्याच मनाचे खेळ. खाणीत शेवटी तुझ्याकडे बघितलं, तर तू आपला शांत चहा पितोयस. मग मी बिनघोर लावला गाल." त्याने दम घेतला. "तुलाही सापडलं नाही, तर मला काय सापडणार होतं? सापडलं असतं तर सांगितलं असतंस ना?"

दोघांनाही एकमेकांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि दोघंही गप्प बसून एकमेकांवर विसंबले होते. अजूनही वेळ होती. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. सैफेत्तिनने तोंड उघडलं.

"सांगितलं असतं," तो म्हणाला.

"झालं तर. तू जिवाला लावून घेऊ नकोस," मुझफ्फर म्हणाला, आणि डोळा मिटून पडला.

सोसायटीने लेथवाल्याची बिजागरी घेतली. आता त्यात ठरवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. अधू डोळ्याच्या माणसाला कोन्याचा कारखाना कशाला घेतोय? तेव्हा गुलिझारने सुचवलं आणि सैफेत्तिनने भावाच्या मायेने मुझफ्फरला आपल्याच कामाच्या खोलीत घेतलं. गाव म्हणालं, दाजी असावा तर असा. मुझफ्फर समोरच्या बाकावर बसून दस्त्यांना तेल चोळतो. त्याचा गाल आत गेलाय, हसला की तोंड एका बाजूला ओढलं जातं, आणि तो हसतो फार. सैफेत्तिन रोज सकाळी खरं सांगायचं वाक्य जुळवून खाली येतो. दार उघडावं, तर मुझफ्फरने आधीच शेगडी पेटवलेली असते, चहा ओतून ठेवलेला असतो.

परवा एक शिकारी घडीची बंदूक न्यायला आला होता. परगावचा, जरा शंकेखोर. दस्ता पुन्हा पुन्हा मिटवून बघत होता, खटका कानाशी धरत होता. मुझफ्फरला राहवलं नाही.

"बिनधास्त न्या हो," तो म्हणाला. "आमच्या एनिश्तेच्या हाताखालून गेलीय ती. काही असतं, तर त्याने सांगितलं असतं."