चर्चच्या पायऱ्यांवरची फुलं

लेक इटलीला जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिक्षण घ्यायला गेली, आणि आमच्या ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. यवतमाळात नवरात्रात देवीसाठी देखावे उभारणं हा ह्यांचा धंदा. लाकडी बल्ल्या, प्लायवूड आणि कापडातून ह्यांनी राजवाडे केले, किल्ले केले, एकदा तर बर्फाचा डोंगरही केला. आपलं काम दसऱ्यानंतर उतरतं, पोरीचं शेकडो वर्षं टिकेल, असं पानठेल्यावर सांगत फिरायचे.

फेब्रुवारीत तिने फोटो पाठवले. त्या गावाचं नाव मला अजून धड घेता येत नाही. तिथे ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या उपासाआधी कार्निव्हल असतं, माणसं सोंगं घेऊन रस्त्यावर उतरतात. एका फोटोत ती चर्चच्या पायऱ्यांवर उभी होती. मागे पांढऱ्या आणि हिरवट दगडांच्या आडव्या पट्ट्यांची भिंत, दारावर मोठी गोल खिडकी, शेजारी घंटेचा मनोरा. तिच्या तोंडावर कपाळापासून हनुवटीपर्यंत सोनेरी मुखवटा.

ह्यांनी चर्च पाहिलं. मी मुखवटा पाहिला.

त्यानंतर तिच्या तोंडाचा एकही फोटो आला नाही. व्हिडिओ कॉल लावला की खोलीचं छत दिसायचं. "नेट कमजोर आहे, आई," म्हणायची. मेलं ते नेट, छत मात्र बरं लख्ख दाखवायचं! मी ह्यांना म्हटलं, "पोरीचं कायतरी बिनसलं आहे." तर म्हणे, "तुले तं सगळीकडं बिनसलेलंच दिसते." मला रात्री झोप लागेना. ह्यांनाही लागत नव्हती, पण ती त्या चर्चचा देखावा करायच्या मापांमुळे.

यंदाच्या नवरात्रात मंडळाने त्या चर्चचा चौकच उभारायचं ठरवलं. एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं, "देवीले चर्चात बसवता का?" हे म्हणाले, "माय कुठंही बसते." मनोऱ्यावर क्रूस लावायचा की कळस, हा वाद काही मिटला नाही, म्हणून टोक उघडंच राहिलं. कमानींना टांगायचे मुखवटे मी कागदाच्या लगद्याचे केले. करताना प्रत्येक मुखवट्याआड पोरीचे डोळे आठवायचे.

फोटोत पायऱ्यांवर रंगीबेरंगी काहीतरी सांडलेलं होतं. ह्यांनी फोटो मोठा करकरून पाहिला. "फुलं आहेत. तिकडंही देवाले वाहतात." झालं! झेंडूच्या आणि शेवंतीच्या पाकळ्यांनी सगळ्या पायऱ्या भरल्या.

नवरात्राच्या पहिल्या संध्याकाळी आरती झाली, रांगेचा दोर सोडला, आणि पुढची बाई पहिल्याच पायरीशी थबकली. "देवीच्या फुलावर पाय कसा देऊ?" तिच्यामागे कोणीच चढेना. रांग रस्त्यावर गेली, कार्यकर्ते शिट्ट्या फुंकू लागले. तिकडे भोंग्यावर चाललेलंच, "आपल्या यवतमाळच्या लेकीच्या गावचं हे चर्च, तिच्या वडिलांनी उभारलेलं..."

त्याच गडबडीत मी तिला फोन लावला. तिच्याकडून पुन्हा छतच. मी आमचा चौक दाखवला.

"बाबानं हुबेहूब केलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पायऱ्यांवर फुलं काहून टाकली?"

"तुह्या फोटोत होती ना."

ती हसली. "फुलं नाहीत ते आई, कागदाचे कपटे आहेत. कार्निव्हलले एकमेकांवर उधळतात. दगडाच्या फटीत जाऊन बसतात. झाडूनं निघत नाही, बोटानं काढा लागतात."

"तुले कसं माहीत?"

हसू थांबलं. "मीच काढले ना."

"कॉलेजच्या पोरी साफसफाई करतात काय?"

"कॉलेज सुटलं, आई. त्या फोटोच्या आधीच मी नापास झाली. तवापासून पोटासाठी झाडून राह्यली. चौक, चर्चच्या पायऱ्या, सगळं." आणि हळूच म्हणाली, "बाबाले सांगू नको."

बाबा माझ्या खांद्याशीच उभे होते.

ह्यांचा चेहरा पाहवेना. हे भोंगेवाल्याकडे गेले. सगळ्यांदेखत आता काय बोलतात, म्हणून मी फोन धरूनच मागे धावले. ह्यांनी माइक बंद केला. मग पायऱ्यांशी येऊन, साऱ्या रांगेसमोर उकिडवे बसून, एकेक पाकळी बोटांनी उचलायला लागले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तिले म्हण, मले हे जमून नाही राह्यलं. तिले येते. येऊन दाखव म्हणा."

मी तसंच सांगितलं. छतच दिसत राहिलं. मग फोन हलला, आणि त्या मुखवट्यानंतर पहिल्यांदा मला माझ्या लेकीचं तोंड दिसलं. फार वाळली होती.