मेंढरं न बसणारी जागा

जत तालुक्यातल्या एका माळावरच्या हायस्कुलात अंजनाबाई विज्ञान शिकवत. विद्यापीठातल्या समीक्षा मॅडमबरोबर त्यांनी यंदा नवा उपक्रम घेतला होता. प्रश्न मुलांनी काढायचा, उत्तरही मुलांनीच शोधायचं, दोघींनी काही सांगायचं नाही.

मुलांनी प्रश्न आणला तो बाईंच्या घरच्या मेंढरांचाच. खतासाठी रानोरान बसणारी मेंढरं शाळेमागच्या एका तुकड्यात पाय का ठेवत नाहीत?

मुलांनी तुकड्याच्या कडेची माती तपासली, गवत तपासलं. सगळं शेजारच्या रानासारखंच निघालं.

"आता आत जाऊन बघायचं ऱ्हायलं," शिवतेज म्हणाला. मुलं बाईंकडं बघू लागली. धनगराच्या घरातल्या त्याही तिथं कधी गेल्या नव्हत्या. पण आज बाई घाबरल्या असत्या, तर मुलांनी पुन्हा काही विचारलं नसतं.

"नगं जाऊ, पोरी," मेंढरं राखणारे त्यांचे वडील म्हणाले. "मुकी जनावरं उगं लांब ऱ्हात न्हाईत."

"आबा, तेच तर बघायचंय."

त्या आत गेल्या. भर दुपारचं वारं पडलं. मेंढरांनी चरायचं थांबवलं. बाकी काही झालं नाही. हसत बाहेर येऊन त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेल्या मेंढीपुढं हात केला. ती मागं सरली. मग सगळा कळप मागं सरला.

"बाई," शिवांजलीनं हळूच विचारलं, "ती आता तुमाला का भ्यायलीत?"

समीक्षा मॅडमनी 'सांगू नका' अशी खूण केली. सांगण्यासारखं बाईंकडं काही नव्हतंच.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "उद्यापासून हाच प्रश्न."

कळप घराकडं निघाला, तशा त्या बरंच अंतर ठेवून मागून चालू लागल्या.